जाळीत अडकलेलं चाक

४ जून
फजिती झाली. साधीसुधी नाही. अणुवीज केंद्रातल्या पंपांच्या खोलीतली फरशी धुवायला मी बनवलेलं यंत्र – पाणी मारतं, घासतं, किरणोत्सारी गाळ ओढून घेतं – पहिल्याच खेपेला मोरीच्या जाळीत चाक अडकवून बसलं. बाहेरून बटणं दाबून दाबूनही हलेना. शेवटी चालवणाराच आत शिरला, ओढून बाहेर आणलं. चालवणारे म्हणजे भाऊजी. माझे सख्खे धाकटे दीर. माणसाने वर्षभरात अंगावर घ्यायचा तेवढा किरणांचा डोस त्यांनी त्या एका खेपेत घेतला.

घरी सासूबाई शेजारणीला सांगत होत्या, "आमच्या सुनेचं यंत्र बसलं एकदाचं!"
बसलं खरं.

५ जून
लिहूनच टाकते. कार्यशाळेतही ते चाक असंच अडकलं होतं. मी पाहिलं होतं. चाचणी तोंडावर आलेली – म्हटलं, नंतर बघू. कुणाजवळ बोलले नाही.

६ जून
बैठक. मुख्य अभियंता म्हणाले, चालवणाऱ्याने यंत्र वाकडं वळवलं, म्हणून अडकलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी टेबलाकडे बघत बसले. तोंडात मिठाची गुळणी!

९ जून
वर्षाचा डोस भरला, म्हणून भाऊजींना आत जायला बंदी. गेटजवळच्या कोठीत हातमोजे वाटत बसतात. धडधाकट माणूस! जेवताना नेहमीसारखंच पाण्याचं भांडं माझ्याकडे सरकवलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

१४ जून
रुंद चाकं बसवली. मागे कडी, कडीला साखळी, साखळी थेट दारापर्यंत – अडकलंच तर बाहेरूनच ओढायचं, आत कुणी जायचं नाही. इतकं सोपं. आधी का सुचलं नाही? सुचलं होतं. कंटाळा केला.

१६ जून
सांगून टाकलं. मुख्य अभियंत्यांसमोर, उभ्याउभ्याच. चूक माझी, चालवणाऱ्याची नाही. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "पण वाकडं वळवलं, हे मला त्यानेच येऊन सांगितलं."

१७ जून
भाऊजींना विचारलं – माझ्यासाठी खोटं का बोललात?
"तुमच्यासाठी नाही, वहिनी. यंत्र रद्द झालं असतं, तर आमच्या टोळीतल्या पोरांना पुन्हा गुडघ्यांवर बसून ती फरशी फडक्यानेच पुसावं लागलं असतं."