डावा कान

सोमवार, ३

आलो एकदाचा. नवं गाव, नवी नोकरी, नवी वही. खोली दुसऱ्या मजल्यावर, खिडकीत दुपारपर्यंत ऊन, आणि घरमालकीण इतकी बोलकी की पहिल्या अर्ध्या तासात मला तिच्या तिन्ही जावयांच्या खोडी पाठ झाल्या. दवाखाना चालत सात मिनिटांवर. कानाचा दवाखाना. लोकांना कितपत ऐकू येतं ते मोजायचं, हे माझं काम.

तपासणीची जागा म्हणजे खोलीतली खोली. सगळे तिला पेटी म्हणतात. भिंतींना जाड फोम, जड दार, दुहेरी काचेची एक खिडकी. पेशंट आत हेडफोन लावून बसतो, मी बाहेर मशीनपाशी. मी बारीक सूर सोडायचा, ऐकू आला की त्याने हातातलं बटण दाबायचं, माझ्यासमोर दिवा लागतो. पेटीत कुणी बँड वाजवला तरी बाहेर कळणार नाही, असं मोठ्या बाई अभिमानाने म्हणाल्या. मोठ्या बाई म्हणजे इथल्या डॉक्टर. माझा स्वतःचाच डावा कान तीन महिन्यांपासून कामातून गेलाय हे सांगितल्यावर त्या खूप हसल्या. दिव्याखाली अंधार, म्हणाल्या. मीही हसलो. इथे बरं वाटेल मला.

गुरुवार, ६

आज एक सोंग पकडलं. बसचा ड्रायव्हर. उजवा कान ठार बहिरा झालाय, ऑफिसात बसायचं काम द्या, असं त्याचं म्हणणं. अशांसाठी एक युक्ती आहे. एकच सूर दोन्ही कानांत सोडायचा; चांगल्या कानात हळू, ‘बहिऱ्या’ कानात मोठा. ज्याचे दोन्ही कान शाबूत आहेत त्याला तो सूर फक्त मोठ्या बाजूने आल्यासारखा वाटतो. खरा बहिरा असेल तर त्याला चांगल्या कानातला हळू सूर ऐकू येतो आणि तो निमूट बटण दाबतो. लबाड मात्र दाबत नाही. त्याला वाटतं, हा तर माझ्या बहिऱ्या कानात आला, हा मला कसा ऐकू येईल? खोटं बोलणारा इथे गप्प बसून सापडतो.

ड्रायव्हर गप्प बसला. बाहेर आल्यावर ओशाळलाही नाही, नुसता गोंधळला. म्हणाला, घरी इतक्यांदा सांगितलं की त्या बाजूने खरंच कमी येऊ लागलं होतं. मोठ्या बाई म्हणाल्या, होतं असं. मला त्याचा उगाचच राग आला.

रविवार, ९

ताईचा फोन. उजव्या कानाला लावून ऐकला. बाबांना जाऊन तीन महिने झाले तरी तिचं तेच चाललंय. त्या दिवशी ती दहाला येणार होती, टेलरकडे अडकली, पावणेअकराला पोचली. तोवर बाबा बाथरूममध्ये पडून, डोक्याला मार लागून संपले होते. मी बाहेरच्या खोलीत उजव्या कुशीवर लोळत मॅच बघत होतो. उजवा कान उशीत, डावा त्याच आठवड्यात बसलेला. ताई म्हणते, तुझा कान तसा, तुला काय कळणार, मीच वेळेवर यायला हवं होतं. तिला जेवण जात नाही. वर्गात शिकवताना मध्येच थांबते. भाओजी म्हणाले, नऊ किलो वजन उतरलंय.

जे व्हायचं ते कुणाला चुकलंय, असं मी तिला समजावलं. छान बोललो. मला ऐकू आलं असतं तर मी धावलो नसतो का?

बुधवार, १२

पेटी रिकामी असताना दिवा लागला. भर दुपारी. तीनदा, थोडा थांबून पुन्हा तीनदा. वायर सैल असणार. मशीनवाल्याला बोलावलं. सगळं ठणठणीत आहे म्हणाला आणि चहा पिऊन गेला.

शनिवार, १५

एक आजीबाई आत बसल्या होत्या. मी अजून एकही सूर सोडला नव्हता. दिवा लागला. तीन, थांबून तीन. दार उघडलं तर त्या हेडफोन काढून म्हणाल्या, डाव्या बाजूला कुणीतरी नळावर भांडं आपटतंय, कुणाला तरी काहीतरी हवंय, आधी जाऊन बघा. मी म्हटलं, मशीनचा आवाज आहे.

मशीनमध्ये असा आवाज नाही.

बाबांचा स्टीलचा मग. टॉवेल राहिला की नळावर आपटायचे. साबण संपला की. पाणी गार झालं की. दिवसातून दहा वेळा— हे कशाला लिहितोय मी?

सोमवार, १७

आता खोलीवरही. सकाळी, आंघोळीच्या वेळी. डावीकडून. कानात कापूस कोंबला. मग तसाच उभा राहिलो. ऐकू न येणाऱ्या कानात कापूस कशाला घालतो माणूस?

मंगळवार, १८

लिहून टाकतो. कान बसला नव्हता. मला ऐकू आलं होतं.

पहिल्याच वेळी. वाटलं, नेहमीचंच, टॉवेल. पाच मिनिटांनी जातो. मॅच रंगात आली होती. मग पुन्हा तीन. वैताग आला. मी टीव्हीचा आवाज वाढवला. मग हळू. मग आणखी हळू. मग—

त्या दिवशी घरी आलेल्या डॉक्टरांनी विचारलं, काहीच कसं ऐकू आलं नाही, तेव्हा तोंडातून कान निघाला. ताई तिथेच होती. तिने लगेच खरं मानलं. त्यानंतर मीही मानलं.

माझ्या वाटचं ती भोगतेय. सांगायला हवं.

बुधवार, १९

ताई आली. गाल पार बसलेत. सांगणारच होतो, पण तिनेच आधी मोठ्या बाईंना गळ घातली— माझ्या भावाचा कान नीट तपासा. उद्याच.

युक्ती मला माहीत आहे. कधी दाबायचं ते ठाऊक आहे. सहज सुटेन.

सांगेन. तपासणी झाल्यावर.

गुरुवार, २०

पेटीत आहे. वही खिशात होती म्हणून— मोठ्या बाईंना फोन आला, त्या बाहेर गेल्या. मशीन बंद आहे, इथून दिसतंय. काचेपलीकडे ताई, मासिक चाळत.

ठक ठक ठक.

डावीकडे. अगदी जवळ. हेडफोन काढला. थांबत नाही—

दार ढकललं. उघडत नाही. हे दार कधीच अडत नाही.

ओरडलो. सगळं ओरडून सांगितलं. ताई, मला ऐकू आलं होतं, तुझी काही चूक नाही, मला ऐकू आलं होतं. तिने वर बघितलं. डाव्या कानाला हात लावला. मान हलवली. पान उलटलं.

काचेवर मुठी— बटण दाबतोय. तीनदा. थांबून तीनदा. बंद मशीनवर दिवा लागतोय, तिच्या अगदी नाकासमोर. हातातलं बटण गार. ओलं. पायाखाली पाणी—

बघितला तिने दिवा. नक्की बघितला. पुन्हा पानात डोकं. ओठ हलले. कळलं मला काय म्हणाली. पाच मिनिटांनी—