हब उघडाच आहे

ता. ९ मार्च

चि. बारक्यास अनेक आशीर्वाद.

तुझी तब्येत कशी आहे ते खरं खरं कळव. तुझी बायको दवाखान्यातून लिहिते खरी, पण धाकटीच्या पत्रात नुसतं बरं आहे, बरं आहे असतं. इकडे ट्रॅक्टरने रडगाणं लावलंय. पुढच्या डाव्या चाकाच्या मधल्या हबमधून तेल गळत होतं. उघडून बघतो तर सील फाटलेलं, बेअरिंग खिळखिळं. फोर-व्हील ड्राइव्हचं पुढचं धूड ते, एकट्याने उतरवताना कंबर धरली. नवं सामान बसवलंय, आता फक्त नट आवळायचा राहिलाय.

तो मी आवळणार नाही. इतकी वर्षं मी पाना धरतो आणि तू हब हाताने फिरवत "बस" म्हणतोस. जास्त आवळला तर बेअरिंग जळतं, सैल राहिला तर चाक डुगडुगतं, आणि मधलं काय ते तुझ्याच हाताला कळतं. हब पोत्याने झाकून ठेवलाय. बरा होऊन ये, मग बंद करू.

लोभ आहेच, तो घ्यायला लवकर ये.

तुझा दादा

ता. १७ मार्च

ती. दादास सा. न. वि. वि.

पत्र वाचून हसलो आणि टाके दुखले. अरे, नांगरट तोंडावर आली आणि तू ट्रॅक्टर ठोकळ्यांवर चढवून बसलास? माझी वाट बघू नकोस. डॉक्टर हल्ली माझ्याशी बोलत नाहीत, धाकटीला बाहेर बोलावतात. मी काय समजायचं ते समजलो. भीती वाटते रे दादा. तुला नाही सांगणार तर कुणाला?

वहिनीला सोबत घे. म्हणावं, हब फिरवत राहायचं, हाताला जरा जड लागला की बस म्हणायचं. तिचं तू कधी ऐकलंस म्हणा! या वेळी ऐक.

वहिनीला नमस्कार. रागावू नकोस, एवढाच लोभ मागतो.

तुझा बारक्या

ता. २१ एप्रिल

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

तू माहेरी पोचल्याचं कळलं. बारक्या गेला तरी मी हब बंद केला नव्हता. लोक म्हणाले, याचं डोकं फिरलं. उघडा आहे तोवर तो येईल, असं मनाने धरलं होतं.

काल तुझ्या जावेनेच पोतं काढलं आणि हबला हात घातला. ती फिरवत होती, मी आवळत होतो. आवळतच गेलो. हब जागचा हलेना, तेव्हा तिने माझ्या हातातून पाना काढून घेतला. ती केव्हाची बस म्हणत होती म्हणे. मला ऐकूच आलं नाही गं. मी त्याच्या आवाजाची वाट बघत होतो.

मग नट सैल करून पुन्हा आवळला, तिचं ऐकून. आज नांगरट सुरू केली. चाक गरम होत नाही.

तुमची खोली झाडून ठेवलीय. लोभ तसाच ठेव, आणि घरी ये.

तुझे दादा