फक्त सरावापुरतं

प्रिय ताई,

फोनवर बोलायला घेतलं की तू मधेच मला हसवतेस आणि मुद्दा राहून जातो, म्हणून कागदावर लिहिते आहे. हे तिसरं पत्र. आधीच्या दोनांत मी तुझ्यावर जरा जास्तच आग पाखडली होती, ती फाडून टाकली. आई बरी आहे. गुडघा दुखतो, पण कबूल करत नाही. जिन्याच्या मधल्या वळणावर थांबते आणि खिडकीतून काहीतरी बघण्याचं नाटक करते. चष्म्याच्या दुकानात माझं नेहमीचंच. मी एकच काच चार वेळा पुसते, त्यामुळे मला काम कमी आहे असं मालकांना वाटतं.

आपण शाळेत जायच्या आधी आईने आपल्याला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी शिकवलं. वर्गात दोघीच, त्यामुळे पहिली तू आणि शेवटची मी हे ठरलेलंच असायचं. गिटार वाजवणंही तसंच आलं, बाबांकडून तुझ्याकडे आणि तुझ्याकडून माझ्याकडे. तू धून वाजवायचीस, मी त्याखाली साथीचे कॉर्ड धरून ठेवायचे. मला पुढे बसायचं नव्हतंच कधी. खरंच नव्हतं. शेजारी बसायचं होतं.

दुकानाची वेळ वाढली, संध्याकाळी तुझ्या घरी येणं जमेना, तेव्हा लूपर पेडल घ्यायची कल्पना माझीच होती, हे मी विसरलेले नाही. साबणाच्या वडीएवढी डबी, तिला एकच बटण. पायाने दाबलं की आपण वाजवू ते आत भरतं, पुन्हा दाबलं की तेच फिरून फिरून वाजत राहतं. पहिला अख्खा रविवार आपण नुसतं बटण दाबायला शिकलो. पाय बरोबर मात्रेवर पडला नाही, तर प्रत्येक फेरीला उचकी लागल्यासारखं व्हायचं. "तू तर पायानेसुद्धा घाबरतेस," म्हणालीस. शेवटी माझी चार कॉर्डची फेरी जमली, पण तिसऱ्या कॉर्डवर जाताना बोट तारेवर घासलं आणि चर्र झालं. मी म्हटलं, पुन्हा भरू या. तू म्हणालीस, "अगं, मी एकटी असेन तेव्हा फक्त सरावापुरतं. कोण ऐकतंय?"

मग त्या छोट्या सभागृहातला कार्यक्रम आला. आयोजकांना एकटीच हवी आहे, स्टेजवर जागा नाही, असं तू सांगितलंस. मला खोटं वाटायचं काही कारणच नव्हतं. तुला चकित करावं म्हणून मी न सांगता आले आणि शेवटच्या रांगेत बसले. स्टेजवर अजून चार माणसं मावली असती. तू बटण दाबलंस आणि मी वाजायला लागले. तिसऱ्या कॉर्डवर चर्र. पुढच्या फेरीला पुन्हा चर्र. शेजारच्या काकू मला कोपराने ढोसून म्हणाल्या, "एकटी असून दोघींसारखी वाजवते हो पोरगी!" निवेदकानेही तुला, हे एकटीला कसं जमतं, असं विचारलं, तर तू माइकवर म्हणालीस, "एकटीच आहे. पाय तेवढा मदतीला." सगळे हसले. मीही हसले, कारण काकू माझ्याकडे बघत होत्या.

ती फेरी तुला येत नाही असं नाही. माझ्यापेक्षा चांगली येते. तिथेच, लोकांसमोर वाजवून तू ती भरू शकली असतीस. तू माझी वापरलीस, कारण ती आयती होती. विचारलं असतंस तर मी हो म्हटलं असतं, आणि तेही तुला माहीत होतं. तरी विचारलं नाहीस. मी घरी येऊन आईला सांगितलं, छान झालं, लोकांना आवडलं. त्यात एक शब्द खोटा नव्हता.

काल तुझा फोन आला. "माझा मूर्खपणा बघ, बटणावर पाय जास्त वेळ राहिला वाटतं, सगळं पुसलं गेलं. शनिवारी कार्यक्रम आहे, पाच मिनिटं येऊन परत भरून दे ना." मी "बघते" म्हणाले, आणि तू स्वतःला गाढव म्हणत होतीस ते मुकाट्याने ऐकून घेतलं. ताई, तुझा पाय राहिला नव्हता. गेल्या रविवारी तू तुझी बॅग इथे ठेवून आईला डॉक्टरांकडे घेऊन गेलीस, तेव्हा मी पेडल काढून जोडलं, एकदा पूर्ण ऐकलं, आणि मग बटण दाबून धरलं, त्यावरचा दिवा विझेपर्यंत. हे सांगितल्याशिवाय मला चैन पडेना. मी केलं ते वाईट केलं. पण पुन्हा भरून देणार नाही. मी शनिवारी सहाला सुटते. स्टेजवर मला शेजारी बसवणार असशील तर कळव, गिटार घेऊन येईन. नसशील तर काही कळवू नकोस. मग शनिवारी माइकवर एकटीच आहे म्हणालीस, तर निदान या वेळी ते खरं असेल.

तुझीच,
धाकटी