चौदा आवर्तने

प्रिय ताई,

तुला लिहिण्याचा आगाऊपणा करते आहे, त्याबद्दल आधी क्षमा मागते. इस्पितळातल्या उपचारांत व्यत्यय नको म्हणून बाबांखेरीज कुणी पत्र पाठवू नये, असे डॉक्टरांनी बजावले आहे. म्हणून हे पाकीट डॉक्टरांच्याच नावे धाडत आहे. त्यांनी आधी वाचावे आणि तू वाचशील तेव्हा तुझ्याजवळ बसावे, अशी विनंती वेगळ्या चिठ्ठीत केली आहे.

घरी सारे ठीक आहे असे लिहिण्याची रीत असते, तेवढी पाळते. बाबा दुकानातल्या चष्म्याच्या काचा घरी आणून घासत बसतात. न्हाणीघराचा नळ त्यांनी पुन्हा बदलला. आई गेल्यापासूनच्या चार वर्षांतला हा तिसरा. याचे पाणी पडते, पण ऐकू येत नाही. आत्या म्हणाली, "पाण्याचासुद्धा आवाज नको झालाय या घराला!" आत्याला सूर कळत नाहीत, पण कुकरच्या शिट्ट्या मात्र ती अचूक मोजते. परवा काच घासता घासता बाबा काहीतरी गुणगुणत होते. मी कान दिला, तर तुझाच तो आठ स्वरांचा बोटांचा पलटा होता. त्यांना ते ठाऊक नव्हते. आत्याने उठून मिक्सर लावला. भांड्यात काहीच नव्हते.

तुझ्या रचनेची पाने तीन आठवड्यांपूर्वी मिळाली. दोन व्हायोलिन, एक बासरी, एक चेलो आणि शब्द एकही नाही. "बोलून जे सांगता येत नाही ते यात आहे. लिहिलंय तसंच वाजवणार असाल तर १ डिसेंबरच्या मैफलीत ऐकायला येईन आणि तिथून घरी. नाहीतर मला बोलवू नका," असे तू कोपऱ्यात लिहिले होतेस. ती ओळ वाचून बाबा प्रथमच मोठ्याने रडले. वादकांसाठी स्वच्छ प्रती काढण्याचे काम साहजिकच माझ्याकडे आले. सुवाच्य अक्षर हा माझा एकमेव पराक्रम.

आणि तिथेच मी चुकले. दुसऱ्या पानावर तो पलटा तू पहिल्या व्हायोलिनला चौदा वेळा दिला आहेस, पुन्हा पुन्हा, एका स्वराचाही फरक न करता. मला वाटले, हे तुझे आजारपण लिहिते आहे. तू मला लहानपणी 'तांबडी शाई' म्हणायचीस ते उगाच नाही. तुझ्या वाणसामानाच्या यादीतही मी ऱ्हस्व-दीर्घ सुधारायचे. मी दोन आवर्तने ठेवली, बारा गाळली आणि पुढचे पान बेमालूम जोडले. तुझी लाज राखली, असेही मनात आले. आता ते लिहितानाही मान खाली जाते.

गेल्या मंगळवारी तालमीत तुझ्या व्हायोलिनच्या सरांनी मूळ पाने मागितली. बासरीवाले काका, जे बँकेत रोखपाल आहेत, डोकावून म्हणाले, "चौदा वेळा तेच? अहो, लोक खुर्च्यांसकट उठून जातील!" सगळे हसले. सर हसले नाहीत. त्यांनी बोट ठेवून ती आवर्तने मोजली, पुन्हा मोजली. मग मला म्हणाले, "हा रियाज मी तिला वीस वेळा करायला सांगायचो. चौदावर का थांबली?"

ताई, त्या क्षणी मला दवाखाना आठवला. आई गेली त्या आठवड्यात दवाखान्यात तू एकच आकडा पुटपुटत होतीस. तुला भ्रम झाला आहे असे आम्ही ठरवून टाकले. तू न्हाणीघरातून धप्प असा आवाज ऐकलास, बादली पडली असेल असे समजून पलटा सुरू केलास, आणि दाराखालून पाणी तुझ्या पावलांपर्यंत आले तेव्हा व्हायोलिनचा गज खाली ठेवलास. चौदा. तू ते कुणाच्या सहानुभूतीसाठी लिहिले नाहीस. जसे घडले तसे लिहिलेस. आणि मी ते खोडले. त्याच दुपारी बसून चारही प्रती नव्याने काढल्या. आता चौदाच्या चौदा आहेत. सरांनी वादकांना ताकीद दिली आहे, "एकही कमी नाही, आणि कुणी घाई करायची नाही."

एवढेच सांगायचे असते तर बाबांकडून निरोप दिला असता. आत्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, "आई तिकडे पडलेली आणि हिचं आपलं चीं-चीं चालूच!" आणि मी चार वर्षे पुस्तकात डोके खुपसून ते ऐकत आले. तुझ्या खोलीचे दार बंद होते. माझ्या टेबलामागची भिंत मात्र न्हाणीघराची होती. तू चौथ्यांदा वाजवत होतीस तेव्हा आईने हाक मारली, दोनदा. हाक बारीक होती, व्हायोलिनपलीकडे तुला ऐकू येणे शक्यच नव्हते. मला आली. तिने माझे नाव घेतले होते. दुसऱ्या दिवशी गणिताचा पेपर होता. एवढे उदाहरण होऊ दे, मग उठते, असे मी म्हटले. उत्तर बरोबर आले. मी शाळेत पहिली आले, आणि दोष तुझ्या वाट्याला जाऊ दिला. काल हे बाबांना आणि आत्याला सांगितले. आत्याने पदर तोंडाला लावला. बाबा बराच वेळ माझा हात धरून बसले. तुझ्या रचनेत त्या चौदा आवर्तनांखाली चेलोची ओळ कोरी आहे, कारण तुला जे ऐकू आले नाही ते तू कुठून लिहिणार? चौथ्या आवर्तनाखाली मी पेन्सिलने दोन स्वर लिहिले आहेत, अगदी हळू वाजवायचे, दोनदा. ते पान सोबत जोडले आहे. रचना तुझी आहे; नको असतील तर खोड, मी पुन्हा प्रती काढीन. पण ठेवलेस, तर १ तारखेच्या रविवारी सर्वांसमक्ष ऐकू येऊ दे की ती हाक तुला नव्हती.

तुझीच,
धाकटी

(टपालात टाकले : गुरुवार, २१ नोव्हेंबर २०२४, दुपारी तीन वाजून दहा मिनिटे)