पाहुण्यांच्या दिवशीची गोळी

बाबा,

आईला डॉक्टरांकडे घेऊन जाते आहे. गोळ्यांचं पाकीट माझ्याजवळ आहे, शोधत बसू नका. जेवण झाकून ठेवलंय.

सकाळी मी तिच्या हातात पेला दिला. नुसतं पाणी. तिने दुसरा हात पुढे केला आणि विचारलं, "आज कोण येणार आहे?" मला कळेना. मग तिनेच अगदी सहज सांगितलं, की पाहुणे यायचे असले की तुम्ही तिला सकाळी एक जास्तीची गोळी देता. "मी फार बोलते ना, म्हणून."

रात्रीची गोळी डॉक्टरांनी तिच्या धास्तीवर दिली होती, तीही थोड्या दिवसांपुरती. ती वर्षानुवर्षं चालूच राहिली. ही सकाळची मात्र तुमची. मागच्या खेपेला आई ताटावरच पेंगली, घास तोंडात तसाच. आत्या म्हणाली, "वहिनी अगदी गरीब गाय झाल्या हो!" आणि तुम्ही मिशीत हसलात.

गोळी एकदम तोडायची नसते, हे मलाही ठाऊक आहे. डॉक्टर सांगतील तशी हळूहळू कमी करू, आणि यापुढे ती मीच देईन. आई चिडेल, रडेल, दाराचं कुलूप नीट लागलंय ना म्हणून पुन्हा पुन्हा ओढून बघेल. बघू दे.

रविवारी आत्या येणार आहे. तिला नको म्हणून कळवू नका. आई बाहेर बसेल आणि हवं तेवढं बोलेल. तुम्हांला चारचौघांत लाज वाटली, तर आतल्या खोलीत जाऊन तुम्ही झोपा.