ट्रेलरचे दिवे आणि पांढरी वायर

तीर्थरूप अर्व्हिडकाकांना पुतण्या लाइलचा नमस्कार.

गुडघा कसा आहे? इकडे तळ्यावरचा बर्फ वितळला, तुमच्या सूनबाईची, मार्डेलची, तब्येत उत्तम आहे, आणि माझं डोकं सोडून घरातलं सगळं ठिकाणावर आहे.

शनिवारी मासेमारीचा हंगाम खुला होतो. इंगाकाकू गेल्यापासून तुम्ही तळ्याकडे फिरकला नाहीत आणि तुमची नाव माझ्याकडे झाकलेलीच पडून आहे. यंदा ती पाण्यात घालायचीच, म्हणून ती ज्यावर लादून गाडीमागे ओढत न्यायची, तो ट्रेलर मी घासूनपुसून निळा रंगवला. मेव्हणा ड्वेन पाहून म्हणाला, "वेगळाच आहे हं रंग." (आपल्या मिनेसोटात 'वेगळा' म्हणजे 'भिकार', हे तुम्ही जाणताच.) मग मी ट्रेलरची वायर पिकअपला जोडली आणि माझी मती गुंग झाली.

डावीकडे वळायचा दिवा लावला तर दोन्हीकडचे मिणमिणले. ब्रेक दाबला तर होते तेही गेले. मागे उभी राहून मार्डेल सांगत होती, "लागला. नाही लागला. अर्धा लागला." अर्धा म्हणजे काय ते तिलाही सांगता येईना. ट्रेलरच्या माहितीपुस्तकात पाहिलं. पिवळी वायर डावीकडची, हिरवी उजवीकडची, तपकिरी मागच्या साध्या दिव्यांची, इतपत समजलं. पण पांढरी कोणत्याच दिव्याची नाही, ती नुसती ट्रेलरच्या लोखंडाला स्क्रूने आवळलेली. जी काही करत नाही ती ठेवायची कशाला? (ड्वेनबद्दल मार्डेलला मी हेच विचारतो.) ती काढून पाहिली, तर मिणमिणणंही थांबलं. निमूटपणे परत लावली. दिवे नाहीत तर रस्त्यावर जाता येणार नाही, आणि मग शनिवारी ड्वेनच्या चकचकीत नावेत बसून त्याचं व्याख्यान ऐकावं लागेल. मला वाटतं, मुळात तुमचीच जोडणी चुकली असावी. तेव्हा कोणती वायर कुठे, ते सवडीने कळवावं.

तुमचा,
लाइल

ता. क. तुमच्या जोडणीबद्दल लिहिलेलं मागे घेतो. विजेला परत जायची वाट त्या पांढऱ्या वायरीतूनच असते, आणि मी स्क्रूखालच्या लोखंडावरही निळा रंग फासून ती वाटच अडवली होती. तेवढा खरवडला, आणि सगळे दिवे लख्ख लागले. आता कळवायची गरज नाही.

पुन्हा ता. क. मार्डेलने पत्र वाचलं. म्हणाली, "अहो, काकांना नावेत बोलवायचंय, तर वायरींचं पुराण कशाला? सरळ लिहा की." तर सरळ लिहितो. काका, तुमच्याशिवाय त्या नावेत मला करमणार नाही. तुम्ही आपल्या इकडच्या रीतीप्रमाणे हो म्हणण्याआधी तीनदा नको म्हणाल. ते तिन्ही नको मला पोहोचले असं समजा. शनिवारी उजाडताच दाराशी येतो. डबा मार्डेल देते आहे. टोपी घालून तयार राहा.