नारिंगी पेट्या परत येणारच

५ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून रोजनिशी. उद्या जगाने विचारलं, मिस्टर नेव्हिल ट्रेम्बाथ, सुरुवात कशी झाली, तर उत्तर तयार हवं.

तर सुरुवात अशी. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट लिंकनच्या धक्क्यामागे माझा छोटा कारखाना. तीस वर्षं समुद्रातली कालवं पाठवायला थर्माकोलच्या पांढऱ्या पेट्या केल्या. एकदा वापरली की फुटते आणि भुगा किनाऱ्यावर उडतो. आता नवा फोम! तेवढाच हलका. छपरावरून फेका, फुटत नाही. शेवटी वितळवून त्याचीच नवी पेटी.

ॲडलेडच्या सुपरमार्केटची एकच अट. तीन महिने गावात चाचणी, गिऱ्हाइकांना कालवं याच पेटीतून द्यायची, दोन हजार पेट्या, आणि दहातल्या आठ परत आल्या पाहिजेत. दहा मेला तपासणी. जमलं नाही तर मशीन बंद आणि मशीनवरची सात माणसं घरी. पण असलं काही होणार नाहीये.

६ फेब्रुवारी
फाटकाशी परतीच्या पेट्यांसाठी तारेचा पिंजरा उभा केला. भव्य. दोन हजार सहज मावतील.

फोरमन झ्वोन्को म्हणतो, पेटीवर अनामत ठेव. आपल्याकडे रिकाम्या बाटल्या परत येतात त्या काय पृथ्वीच्या प्रेमापोटी? डेपोत दहा सेंट मिळतात म्हणून. मी म्हटलं, अरे, माणसाच्या चांगुलपणावर विश्वास ठेव जरा. तो म्हणाला, चांगुलपणाचं ठाऊक नाही बुवा, बाटल्या मात्र येतात. दूरदृष्टी नाही बिचाऱ्याला.

पेटीचा रंग भडक नारिंगी. कुणी घरी ठेवलीच तर लांबून दिसेल आणि त्याला लाज वाटेल. ही माझी आयडिया.

१९ फेब्रुवारी
पहिला लॉट गेला. सकाळपासून पाच वेळा पिंजरा बघून आलो. रिकामा. साहजिक आहे, आजच तर गेल्यात.
नॉर्वेला पत्र टाकलं. मासे तेही पाठवतात, त्यांना कळू दे.
एक पेटी घरी आणली. नमुना म्हणून.

४ मार्च
बाहेर सहाशे, परत नऊ. त्यातल्या चार झ्वोन्कोच्या आईने आणल्या, आणि याहून मोठा साइज आहे का, असं विचारून त्या पुन्हा घेऊन गेली. म्हणजे पाच.
घाबरायचं कारण नाही. चांगली सवय लागायला वेळ लागतो.
घरी आणखी तीन आणल्या. उन्हात टिकतात का, ते बघायला हवं.

१७ मार्च, रविवार
फुटबॉलचा सरावाचा सामना. मैदानाच्या कडेने नुसतं नारिंगी! प्रत्येकाची बिअर माझ्या पेटीत गारेगार. एकाने पाठीवर थाप मारली. म्हणाला, नेव्ह, तीस वर्षांत पहिल्यांदा कामाचं काहीतरी केलंस.
मी टोपी काढून सगळ्यांना अभिवादन केलं.
ग्लेनिस कानाशी लागली, पेट्या परत कधी देणार ते विचार ना. बायकोला प्रसंग कळत नाही.

१ एप्रिल, ईस्टर सोमवार
सगळं गाव तंबू ठोकायला गेलंय. पेट्याही सोबत. सुट्टी संपली की रांगा लागणार.
संकल्प: रोज दहा घरी जाऊन नम्रपणे आठवण करणे.

२ एप्रिल
एका घरी गेलो. शेजारच्या मर्विनकडे. त्याच्या पेटीत कोंबडी बसलेली, अंड्यांवर. म्हणाला, एवढी झकास पेटी टाकून द्यायला मी काय वेडा आहे? मी म्हटलं, टाकायची नाही रे बाबा, परत करायची. तो म्हणाला, एकूण तेच.
उरलेली नऊ घरं उद्या.

२२ एप्रिल
नॉर्वेचं उत्तर आलं! ‘किती टक्के परत येतात?’ एवढंच. मी लिहिलं, उत्साहवर्धक.
बसवत नाही, उभं राहवत नाही. पिंजरा दिवसातून बारा वेळा बघतो.

८ मे
झ्वोन्कोने जेवणाच्या सुट्टीत सरळ विचारलं. नेव्ह, खरं सांग, पोरीला इथल्याच शाळेत ठेवू की व्हायालाला जायची तयारी करू? तिकडे पोलादाच्या कारखान्यात तरी काम मिळेल.
मी म्हटलं, वेडा की काय, इथेच ठेव.
मग पुन्हा पिंजरा बघून आलो.

१० मे, शुक्रवार
तपासणीला ओडेट फारुजिया नावाच्या बाई आल्या. पिंजऱ्यात दोनशे अकरा.
मी म्हटलं, मॅडम, बाकीच्या वाटेत आहेत. त्या म्हणाल्या, हो, येताना दिसल्या की. आणि मला बाटल्यांच्या डेपोवर घेऊन गेल्या.
रांगच रांग. प्रत्येकाच्या हातात नारिंगी पेटी, पेटीत रिकाम्या बाटल्या. बाटल्या ओतायच्या, दहा-दहा सेंट मोजून घ्यायचे आणि पेटी झटकून परत गाडीत. मर्विनने तर मला हात केला.
बाई अर्धा तास शांतपणे बघत होत्या. मग म्हणाल्या, पेटी फारच चांगली झालीये हो तुमची, तीच अडचण आहे.
निघताना त्यांनी आईच्या टोमॅटोच्या रोपांसाठी एक मागून घेतली.
दोनशे दहा.

१३ मे, सोमवार
मशीन बंद. बटण मीच दाबलं. सातही जण बघत होते.

१८ मे, शनिवार
झ्वोन्को घरी आला. व्हायालाला निघालाय. बायकोच्या कपबशा भरायला काही आहे का, म्हणाला.
मी शेडचं दार उघडलं. आत नारिंगी पेट्या. नमुना, उन्हाची चाचणी, पावसाची चाचणी, ग्लेनिसची लोकर, माझ्या बाटल्या. त्याने बोटाने मोजल्या. चौदा. माझ्याकडे बघितलं. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. हसला पण नाही.
बाटल्या, लोकर काढून सगळ्या पेट्या त्याच्या गाडीत ठेवल्या. मग त्याने विचारलं, अनामत किती ठेवू?
मी नको म्हटलं. त्याने तरी दहा सेंटचं नाणं माझ्या हातावर ठेवलं आणि गेला.
झ्वोन्को शब्दाचा पक्का आहे, चौदाच्या चौदा परत आणेल. मशीन तर बंद, मग आणून द्यायच्या कुठे, हे विचारायचं त्याच्याही लक्षात आलं नाही आणि माझ्याही.